दिवाळीत पाहिलेली पोरगी

त्या उन्हाळ्यात आमच्या पार्लरमध्ये आधी केस धुणं बंद झालं, मग फेशियल. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि नळाला ते कधी सुटेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मॅडमनी दारावर कागद चिकटवला: ‘घरून तोंड धुऊन यावे.’ गिऱ्हाइकं तो वाचून हसायची आणि तशीच आत यायची. घरी तरी पाणी कुठं होतं?

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गाव हिमायतनगरकडचं, म्हणजे कॉलेजला नांदेड जवळ पडतं. पण मुलींच्या वसतिगृहात जागा लातूरला मिळाली, म्हणून लातूर. सकाळी कॉलेज, दुपारनंतर पार्लरमध्ये काम. मॅडम उदगीरच्या लिंगायत घरातल्या. त्यांच्या यजमानांचं गंजगोलाईच्या बाजारात बांगड्या-टिकल्यांचं दुकान होतं, त्यामुळे स्वस्तातला माल घरचाच होता. महागातला त्या भावाकडून हैदराबादहून मागवायच्या.

पार्लरमध्ये दोन पेट्या होत्या. निळ्या प्लास्टिकच्या पेटीत गोलाईतला माल: पॅनकेकच्या, म्हणजे चेहऱ्याला थापायच्या रंगाच्या डब्या, स्पंज, पावडर, गडद लिपस्टिका, काजळ. काळ्या पेटीला कुलूप होतं. तिच्यात फाउंडेशनच्या जाड काचेच्या बाटल्या, मऊ केसांचे ब्रश. कोणत्या नवरीला कोणती पेटी उघडायची हे मॅडम नवरीच्या आईशी बोलून ठरवायच्या. नवरीला कुणी विचारत नसे. ती आरशासमोर बसलेली असायची आणि तिच्या पाठीमागं तिचा चेहरा ठरायचा.

वसतिगृहातल्या मुली मला नेहमी विचारायच्या, स्वस्तातल्या आणि महागातल्या मेकअपमध्ये खरंच फरक असतो, का नुसतं नाव असतं? मी पार्लरात काम करते म्हणजे मला माहीत असणार, असं त्यांना वाटायचं. मला नीट सांगता यायचं नाही. फरक दिसायचा, पण तो कशामुळे हे कळायचं नाही. महागाची बाटली हातात घेतली की माझा हात आपोआप हळू चालायचा. सांडू नये, वाया जाऊ नये म्हणून मी थोडं थोडं घ्यायची, बोटानं जिरवत बसायची. पॅनकेक मात्र भिंतीला चुना द्यावा तसा देऊन मोकळी. मग जे बरं दिसायचं ते बाटलीमुळं की माझ्या भीतीमुळं? एकदा मी मॅडमना विचारलं.

मी बाटली उजेडाला धरून उभी होते. त्या म्हणाल्या, “काय बघलालीस? बाटली बघलालीस का माल?”

“माल. यात वेगळं काय असतं, मॅडम?”

“हे बघ, पॅनकेकला ओला स्पंज लागतो. ह्याला पाणी लागत न्हाई. यंदा पाणीच न्हाई. आता तूच सांग, स्वस्त कोणचं?”

मला तेव्हा ते उत्तर पटलं होतं.

एप्रिलच्या शेवटी मावशीचा फोन आला. मावशी किनवट तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिच्या मुलीचं, माझ्या मावसबहिणीचं लग्न किनवटला सामुदायिक सोहळ्यात ठरलं होतं. दुष्काळामुळं त्या वर्षी घरी मांडव घालायला कुणी धजत नव्हतं. मावसबहीण माझ्याहून मोठी, मी तिला अक्का म्हणते.

“तू पार्लर शिकून राहिली ना?” मावशीनं विचारलं.

“शिकत न्हाई मावशी, तिथं काम करते.”

“तेच ते. अक्काला तयार करायला ये. तिला दे आता, कवाची फोन ओढून राहिली.”

अक्का फोनवर आली. म्हणाली, “बारके, लई काळी पडले गं मी.”

दिवाळीत तिला पाहायला आले तेव्हा सुगी चालू होती, पण ती घरात शिवणकाम करत होती. गहूवर्णी, नितळ. सासू होणारी बाई म्हणाली होती, पोरगी उजळ आहे, आमच्या घरात शोभेल. नंतर गावातला हातपंप आटला. फेब्रुवारीपासून टँकरची वाट पाहत रस्त्याच्या कडेला बसायचं, टँकर आला नाही की नाल्यापलीकडच्या विहिरीवर जायचं. मावशीचे गुडघे धरलेले, भाऊ औरंगाबादला कंपनीत. पाणी अक्काच्याच डोक्यावर.

“त्यांनी दिवाळीत पाह्यलेली पोरगी येगळी होती म्हणतील,” अक्का म्हणाली. “शेजारच्या वहिनीला तिची सासू आजून ऐकवते. फसवलं म्हणते. तिचं लेकरू शाळेत जाऊन राहिलं, तरी ऐकवते. मला असं काई लाव, की एक दिवस तरी तीच दिसली पाह्यजे.”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि काळ्या पेटीतून एक बाटली काढून दिली. तळाशी थोडंसंच होतं. “संपलीच हाय समज,” त्या म्हणाल्या. “उलटी धरून ने. एका नवरीपुरतं निघंल. आणि हे गोलाईतलं पण घेऊन जा, तिथं आणखी चार जणी मागं लागतील. तुला न्हाई म्हणता येत न्हाई.”

हे त्यांनी माझ्याबद्दल अगदी बरोबर ओळखलं होतं.

बाटली रुमालात गुंडाळून, उलटी, मी मांडीवर धरून बसले. लातूरहून नांदेडपर्यंत एसटी, तिथून किनवटची गाडी. नांदेडच्या स्टेशनवर एक बाई अर्धापूरची केळी विकत होती, बोटाएवढी. “यंदा एवढीच,” ती न विचारताच म्हणाली. गाडीत बाहेर बघवत नव्हतं. काळी रानं फाटलेली, माणसं झाडाची सावली जिकडं सरकेल तिकडं सरकत बसलेली. डब्यात नव्या जिल्ह्याचा विषय निघाला होता. किनवट जिल्हा होणार, आता नक्की होणार, असं एक जण सांगत होता. जिल्हा झाला की पाण्याचं आपोआप होतं, असंही म्हणाला. समोरचा म्हातारा बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “मंग कलेक्टर काय टँकरवर बसून येणार हाय का?” सगळे हसले, पण हसणंही दमल्यासारखं होतं. भोकर गेलं, माझं हिमायतनगर गेलं. उतरून घरी जावं असं फार वाटलं. मी बाटली सरळ तर झाली नाही ना, एवढं पाहिलं.

मावशीच्या घरी पोचले आणि आधी अक्काचं तोंड पाहिलं. कपाळ आणि गालाची हाडं करपून गेली होती, नाकाच्या शेंड्याची साल निघत होती. ब्लाउजचा गळा संपतो तिथं रेघ ओढल्यासारखे दोन रंग. त्यावर आदल्या दिवशीची हळद. हळदीनंतर नवरीला भरपूर पाण्यानं न्हाऊ घालतात. तिच्या वाट्याला दोन तांबे आले होते, कारण घरात पाहुणे होते आणि पिंप एकच होतं. हळद केसांच्या कडेला, कानामागं, नाकाच्या खाचेत तशीच राहिली होती.

मी तिचा हात धरून आतली बाजू वर केली. कोपराच्या आत, जिथं ऊन पोचत नाही, तिथं ती दिवाळीतलीच होती.

“हा तुझा खरा रंग,” मी म्हणाले.

तिनं स्वतःचा हात पहिल्यांदाच पाहावा तसा पाहिला. “हाव की गं,” म्हणाली. “हा हाय आजून.”

मी बाटलीतला रंग तिथं लावून पाहिला. थोडा उजळ होता. पार्लरात त्याहून गडद बाटली नव्हतीच. आमच्या रंगाच्या बाटल्या दुकानात कुणी ठेवत नाही, महागाच्याही नाही आणि स्वस्तातल्याही नाही. पण उन्नीस-बीस होतं. आम्ही दोघी खूश झालो.

सोहळा किनवटला एका शाळेच्या मैदानावर होता. एका बाजूला हिंदू पद्धतीची लग्नं, दुसऱ्या बाजूला आमची, बुद्धवंदना म्हणून लागणारी. आमच्या बाजूच्या नवऱ्या मुली पांढऱ्या साड्यांत, एका वर्गात बाकांवर बसल्या होत्या. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. सोहळा भरवणाऱ्यांतल्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “एकीला करून राहिली, तं हिच्या शेजारणींनी काय पाप केलं?” मी निळी पेटी उघडली.

पॅनकेकला पाणी लागतंच. एक तांब्या मिळाला, त्यात सगळ्यांचं भागवायचं होतं. तिसऱ्या मुलीपर्यंत पाण्याचा चहा झाला. पुढची म्हणाली, “माझ्या टायमाला नवं पाणी न्हाई का?”

“नवरदेवाकडून माग,” तिच्या शेजारची म्हणाली.

“त्याच्या गावात पाणी असतं तं तो सामुदायिकमधी आला असता का?”

वर्गभर हसू झालं. अक्काही हसली. मी तिला सगळ्यांत शेवटी घेतलं आणि फार हळू हळू केलं. बाटली हातावर आपटत राहिले. कपाळावर दोनदा, गालांवर दोनदा, गळ्याच्या रेघेवर एकदा. करपलेलं कपाळ हळूहळू दिसेनासं झालं. मी आरसा धरला. तिनं आरसा माझ्या हातातून घेतला आणि आपल्याजवळ ठेवला.

मग भाषणं सुरू झाली. एक पुढारी नव्या जिल्ह्याबद्दल बोलत होते आणि थांबत नव्हते. जिल्हा झाला की दवाखाना, जिल्हा झाला की कॉलेज, जिल्हा झाला की धरण. वर पत्रे, खाली नवऱ्या. मुली त्याच जिल्ह्याच्या मागणीच्या पत्रकांनी एकमेकींना वारा घालत होत्या. पॅनकेकला आधी वरच्या ओठावर भेगा पडल्या, मग नाकाच्या बाजूला, मग घामाच्या रेघा गालावरून उतरल्या आणि खालचा खरा रंग दिसायला लागला. पांढऱ्या साडीवर पडू नये म्हणून मी रुमाल घेऊन इकडून तिकडं पळत होते. अक्काचा चेहरा मात्र हलला नाही. घाम आला तो वरच्या वर टिपला गेला, रंग जागेवर. एकाच उकाड्यात, एकाच वर्गात दोन्ही माल शेजारी शेजारी बसलेले होते. वसतिगृहातल्या मुलींना काय सांगायचं ते आता मला कळलं, असं मला वाटलं. महागाचं ते महागाचंच.

भाषण संपल्यावर सांगण्यात आलं, की सासरच्या बायकांनी आपापली नवरी हाताला धरून मांडवात न्यावी. बायका आत आल्या. अक्काची सासू नदीपलीकडच्या गावची, ठेंगणी, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. ती एकेका चेहऱ्यासमोर थांबत रांगेतून पुढं आली. अक्का ताठ बसली. आरसा तिनं पदराखाली सरकवला. सासू तिच्यासमोर आली, क्षणभर थांबली आणि पुढं गेली.

पुढं तिसऱ्या मुलीचा हात धरून म्हणाली, “चल माय.”

“मी तुमची न्हाई वो!” ती मुलगी ओरडली. पुन्हा हसू झालं. आमच्याकडं कुणी हसलं नाही.

अक्का उठली. “आत्या, मी.”

सासू मागं फिरली. चष्मा वर केला, खाली केला. “तू?” म्हणाली. मग मावशीकडं वळली. “विहीणबाई, दिवाळीत तं पोरगी अशी नव्हती.”

ज्या शब्दांना अक्का तीन महिने भीत होती, तेच शब्द होते. फक्त ते दुसऱ्या बाजूनं आले: काळी पडली म्हणून नव्हे, जास्तच उजळ दिसली म्हणून.

“अवो तीच हाय, मेकअप केलाय,” मावशी म्हणाली. “ही माझ्या बहिणीची पोरगी, लातूरला कॉलेजात हाय, तिनं केलंय.”

“मले कमी दिसते, हे समद्याईला माहीत हाय,” सासू म्हणाली आणि बाकावर बसली. “एक दाखवायची न् दुसरी द्यायची, असं झालेलं हाय आमच्या गावात. मी काई म्हणत न्हाई. पण माणसाईले बोलवा.”

माणसांना बोलवलं असतं तर तिथं काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पण मावशीनं भिंतीला हात टेकला होता आणि बाहेर माईकवरून जोड्यांना बोलवत होते. अक्का माझ्याकडं वळली. “पाणी आण,” म्हणाली.

तांब्यातलं पाणी पॅनकेकनं गढूळ झालेलं. मी बाहेरच्या पिंपाकडं पळाले. तिथं बसलेला माणूस म्हणाला, “प्यायचं हाय, धुवायला न्हाई.”

“प्यायलाच नेते,” मी म्हणाले.

अक्का खिडकीपाशी वाकली. मी तिच्या ओंजळीत पाणी ओतलं, तिनं तोंडावर मारलं, चोळलं. पाणी थेंब थेंब होऊन खाली आलं आणि रंग तसाच राहिला. ती आणखी जोरात चोळायला लागली. दुसऱ्या कुणाचं बोटानं निघालं असतं. हिचं निघत नव्हतं. तांब्या रिकामा झाला.

“हे काय लावलं हाय?” सासूनं मला विचारलं. रागानं नाही, खरंच विचारत होती.

“चांगलं असतं ते,” मी म्हणाले. “टिकतं.”

शेवटी एका मुलीच्या आईनं पिशवीतून खोबरेल तेलाची पुडी काढून दिली. तेल मी हातावर घेतलं, पण सासू उठून आली आणि माझ्या हातातून पुडी घेऊन तिनं आपल्या पदराचं टोक भिजवलं. अक्काची हनुवटी धरली आणि तिचं कपाळ पुसायला लागली, लेकराचं पुसावं तसं, जोर लावून. पदरावर फिकट डाग आला. मग पिवळा, हळदीचा. मग खालून कपाळ वर आलं, करपलेलं, तेलानं चकाकणारं. तिनं उजवा गाल पुसला. नाकावरची सुटलेली साल पाहिली. हात थांबला.

“टँकरवर तूच जात होती का?” तिनं विचारलं.

“हाव,” अक्का म्हणाली.

“विहिरीवर?”

“हाव.”

“एक घागर का दोन?”

“दोन. एक डोक्यावर, एक कमरेवर.”

सासूनं मान हलवली. अक्काच्या डोक्यावर मध्यभागी, घागर टेकते तिथं, तिनं बोटांनी केस बाजूला करून पाहिलं. “तीच हाय. मंग झालं,” म्हणाली. “आमच्याकडं विहीर जरा लांब हाय.” आणि तिनं अक्काचा हात धरला.

मी अक्काकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, त्यात शंका नाही. पण त्याच वेळी तिचे खांदे किंचित खाली आले. घागर अजून उचललेली नसताना यावेत तसे. माईकवरून नाव आलं. डावा गाल पुसायचा राहिला होता. “राहू दे,” सासू म्हणाली, “भंतेजी वाट पाहून राहिले.” आणि दोघी वर्गातून बाहेर उन्हात गेल्या.

लातूरला परतले तेव्हा मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “टिकलं का?”

“टिकलं,” मी म्हणाले. “निघतच नव्हतं.”

त्यांना फार आनंद झाला. पुढं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, किनवटच्या उन्हात टिकलेला माल आहे. मी ऐकत उभी राहायची. खोटं त्यात काही नव्हतं.

वसतिगृहातल्या मुलींनी पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणाले, महागातलं जास्त टिकतं. एक जण म्हणाली, मग घ्यावं का? मी म्हणाले, कुठं जायचं आहे त्यावर आहे. ती म्हणाली, हे काय उत्तर झालं?

मावशीच्या घरी अक्काचा लग्नातला फोटो भिंतीवर आहे. हार घालताना काढलेला. उजवा गाल मे महिन्यातला, डावा दिवाळीतला. बघणारे म्हणतात, एका बाजूनं ऊन आलं असेल. मावशी म्हणते, हाव.

पहिल्या पावसाळ्यानंतर अक्काचा फोन आला होता. विहीर खरंच लांब होती. सासू बरी आहे, म्हणाली. काळी पडली म्हणून कधी बोलली नाही, उलट शेजारणींना सांगते, आमची सून दोन घागरी आणते. जिल्ह्याचं काय झालं, म्हणून मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. मग तिनंच विचारलं, “त्या बाटलीत काई उरलं होतं का गं?”

“न्हाई,” मी म्हणाले. “तुझ्यापुरतंच होतं.”

“बरं,” ती म्हणाली. पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.